उजवीकडचा खांब

“डावीकडे बघा, उजवीकडे बघण्यासारखं काही नाही.”

हे वाक्य तिला कुणी लिहून दिलेलं नव्हतं. कामाचा पहिला दिवस होता. काचेच्या छताचा डबा माणसांनी भरलेला, एका हातात माईक, दुसऱ्या हातात ऑफिसनं छापून दिलेला मजकूर. त्या वळणापाशी मजकुरात लिहिलं होतं की दोन्ही बाजूंना निसर्गानं मुक्तहस्ते उधळण केली आहे. ती त्या ओळीपर्यंत आली आणि तिनं कागद खाली केला. कारण त्या वळणावर उजव्या हाताला एक लोखंडी खांब होता, खांबापुढे खडक फोडून काढलेली अरुंद खिंड होती आणि त्या खिंडीत आदल्याच वर्षी तिचा नवरा गाडीखाली गेला होता.

तेव्हा तिच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. डब्यातल्या सगळ्या माना एकदम डावीकडे वळल्या. डावीकडे दरी होती, दरीत नदी होती, नदीपलीकडे नजर जाईल तिथवर रान. लोकांनी फोटो काढले. खिंडीचा काळोख डब्यावरून सरकत गेला तो कुणाच्याही लक्षात आला नाही.

शेवटच्या स्टेशनवर सुपरवायझर तिच्याजवळ आला. आता कामावरून काढणार, असं तिला वाटलं.

“बाई, काय वळवलंत हो लोकांना! शाळेतल्या पोरांसारखे वळले. असंच म्हणत जा.”

तेव्हापासून ती तसंच म्हणत आली. पुढं छापील मजकुरातही तेच वाक्य आलं, आणि तिचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. स्टेशनवर, डब्यात, खानपानाच्या खोलीत ती झाली डावीकडेबाई. चहावाला तिला मुद्दाम छेडायचा, “डावीकडेबाई, साखर उजवीकडच्या डब्यात आहे. चालेल ना?”

“तू घाल रे बाबा,” ती म्हणायची. “तुझ्या चहात कुठल्याही बाजूनं घातली तरी फरक पडत नाही.”

ती गाडी कुठं पोचायला म्हणून नव्हतीच. ती बघायला होती. शहराच्या टोकाला असलेल्या जुन्या स्टेशनातून सकाळी निघायची, कारखान्यांच्या मागच्या भिंती, वाळत घातलेले कपडे, मग शेतं, मग टेकड्या, मग एक पूल, आणि दुपारच्या आधी राष्ट्रीय उद्यानाची कमान. कमानीपुढे घर नाही, तार नाही, दिवा नाही. माणसं इतक्या लांबून यायची ती माणूस नसलेली जागा बघायला, आणि ती बघताना एकमेकांना कोपरानं ढकलायची.

कमानीपुढे गाडीला शिटी बंद होती. शिटीनं जनावरं बुजतात, आणि जनावर दिसलं नाही की प्रवासी तक्रार करतात. ऑफिसनं नियमच केला. गाडी रानात शिरली की मुक्यानं चालायची, एखाद्या घरात आजारी माणूस असावा तशी.

पण त्या मुक्या गाडीपुढे रुळांवर माणसं होती. रोज सकाळी गँगमन पायी जाऊन रूळ तपासायचे. खिंडीत दगड सुटायचे, ते बाजूला करायचे. खिंड इतकी अरुंद की आत माणूस असताना गाडी आली तर अंग चोरायलाही जागा नाही. शिटी बंद झाल्यावर गँगमन आणि ड्रायव्हर यांनी आपसात एक रीत ठरवली. ती कुठल्याही नियमात नव्हती. खिंडीत शिरण्याआधी गँगमननं तोंडाशी असलेल्या खांबाला लाल कापड बांधायचं. बाहेर आला की सोडायचं. कापड दिसलं की ड्रायव्हरनं गाडी उभी करायची आणि माणूस येऊन ते सोडेपर्यंत हलायचं नाही. प्रवाशांना सांगितलं जायचं की हा थांबा खास निसर्ग न्याहाळण्यासाठी आहे. लोक खूष व्हायचे. आपल्यासाठी गाडी थांबली, असं म्हणायचे.

तिचा नवरा त्या खिंडीचा गँगमन होता. आडव्या हाडाचा, हसरा आणि कमालीचा गबाळा. कपाटात शर्ट कोंबायचा, खिशात रुमाल कोंबायचा, पिशवीत डबा, हातोडी आणि लाल कापड सगळं एकत्र कोंबायचा. ती त्याला बोळेबहाद्दर म्हणायची. हे नाव घरातून रुळांवर गेलं आणि त्याचे सोबतीही त्याला तेच म्हणू लागले. कापड बांधायला तो कधी विसरला नाही. सोडायला मात्र विसरायचा. खिंडीतून बाहेर यायचा, आपल्याच तंद्रीत पुढच्या पुलापर्यंत निघून जायचा, आणि मागे खांबाला कापड फडफडत राहायचं. गाडी यायची, कापड बघून उभी राहायची. वाट बघून बघून ड्रायव्हरचा साथीदार खाली उतरायचा, खिंडीत हाका मारायचा आणि आत कुणी नाही हे बघून शिव्या हासडत परत यायचा. एकदा नाही, बऱ्याचदा झालं हे. ऑफिसनं त्याला ताकीदही दिली होती.

त्या सकाळी ती त्याच्यावर करवादली होती. पिशवीत कापडाचा बोळा होता, आणि बोळ्यात अडकून डब्याचं झाकण उघडलं होतं.

“एकदा तरी घडी घालून ठेवा की ते कापड.”

“घडी घालून काय करायचंय? परत खांबालाच बांधायचंय ना?”

“एक दिवस घालून बघा. हात झिजणार नाहीत.”

“बरं, मालकीणबाई,” तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. जाताना नेहमीप्रमाणे दार उघडंच टाकून गेला.

संध्याकाळी ती पिशवी घरी आली. घेऊन आला तो गाडीचा ड्रायव्हर. तो आणि तिचा नवरा बरोबरीचे, एकाच चाळवजा इमारतीत राहणारे, संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसणारे. ड्रायव्हर दारात उभा राहिला, पिशवी दोन्ही हातांवर धरून, तान्हं मूल धरावं तशी. “वहिनी,” एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

पिशवीत डबा होता, भरलेला. हातोडी नव्हती. आणि लाल कापड होतं. बोळा नव्हे. लांबीत तिहेरी दुमडलेलं, एका टोकाकडून घट्ट वळत आणलेलं, उरलेलं टोक पोटात खोचलेलं. तळहातात मावेल एवढी नेटकी वळकटी.

पुढं चौकशी झाली. लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, खांब मोकळा होता. त्या वेळचा त्याचा साथीदार म्हणाला, मी डावीकडे बघत होतो. मग त्यांनी तिला विचारलं, कापड कुठं सापडलं?

ती म्हणाली, “पिशवीत. घडी घालून ठेवलेलं.”

खरं तेच तिनं सांगितलं. तिघांपैकी एकानं मान हलवली, दुसऱ्यानं लिहून घेतलं. माणूस कापड न बांधता खिंडीत शिरला. चूक त्याची. तिच्याच एका शब्दानं तो मेल्यानंतर दोषी ठरला, हे तिला जिना उतरताना कळलं, आणि ती मधल्याच पायरीवर बसली.

लोकांना तेवढ्यावर भागत नाही. कुणी म्हणालं झोपेत असेल, कुणी म्हणालं सकाळीच घेतली असेल. मुलगी शाळेत जायची तेव्हा पोरं तिला झोपाळूची म्हणायची. पोरीनं ते गिळलं, मोठी झाली, औषधांच्या दुकानात कामाला लागली. ती गाडीच्या वाटेला कधी गेली नाही.

“बाबा विसरले, आई. माणसं विसरतात,” मुलगी म्हणायची. “तू रोज तिथं जाऊन त्यांना काय विचारत बसतेस?”

ती काय विचारत होती ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. ती वळकटी तिनं कधी उलगडली नव्हती. त्या घडीवर त्याचे हात शेवटचे फिरले होते. जन्मभर एक रुमाल धड न ठेवणारा माणूस त्या सकाळी खिंडीच्या तोंडाशी उभा राहिला, बायकोचं बोलणं त्याला आठवलं, आणि त्यानं जन्मात पहिली घडी घातली. तिच्यासाठी घातली. हे आठवलं की ती वळकटीवर गाल टेकायची. आणि लगेच संताप उसळायचा. एवढी निगुतीची घडी घालायला वेळ होता, आणि बांधायला नव्हता? मी घडी घाल म्हटलं, बांधू नको असं म्हटलं होतं का? म्हणजे माझ्या करवादण्यानं गेला का तो? घडी मोडू नये म्हणून बांधलंच नाही?

हा प्रश्न उशाला घेऊन ती झोपायची आणि सकाळी युनिफॉर्मच्या कोटाच्या आतल्या खिशात घालून कामावर जायची. वळकटी तिथंच असायची. वळण आलं की ती एक हात कोटावर दाबायची आणि दुसऱ्या हातातल्या माईकमध्ये सांगायची, डावीकडे बघा. स्वतः ती त्या वेळी जमिनीकडे बघायची. इतकी वर्षं त्या वाटेनं गेली, पण तो खांब तिनं पाहिला नव्हता.

ही नोकरीही ड्रायव्हरनंच मिळवून दिली होती. ऑफिसात खेटे घातले, हातापाया पडला म्हणतात. एवढ्यावर थांबला नाही. छप्पर गळायला लागलं की शिडी घेऊन यायचा. मुलगी आजारी पडली तेव्हा रांगेत उभा राहिला. त्याला स्वतःचा संसार नव्हता. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि सगळं जागच्या जागी. लोक म्हणायचे, मैत्री असावी तर अशी. ड्रायव्हरच्या नव्या साथीदारानं एकदा तिला हळूच सांगितलं होतं, त्या खांबापाशी उस्ताद रोज टोपी काढतात, ताई. एक दिवस चुकवत नाहीत.

तेव्हापासून ड्रायव्हर जेवायला आला की ती त्याच्या पानात आधी वाढायची.

ड्रायव्हरची नोकरी संपत आली. त्याच सुमारास ऑफिसनं तिचा आवाज रेकॉर्ड करून घेतला. एका बंद खोलीत बसवून सगळा मजकूर म्हणून घेतला, आणि वळणाचं वाक्य तीन-चारदा, कारण त्यांना ते अजून उत्साहानं हवं होतं. आता गाडीत तिचा आवाज आपोआप लागायचा. तिला चहाचे कप गोळा करायचं काम दिलं.

“म्हणजे तुम्ही अमर झालात की, डावीकडेबाई,” चहावाला म्हणाला.

“मेल्याशिवाय अमर होता येत नाही रे,” ती म्हणाली आणि कप उचलत राहिली.

शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी ड्रायव्हर तिच्या दारात आला. दाढी केलेली, टोपी हातात.

“वहिनी, उद्या इंजिनात बसाल? शेवटची फेरी आहे. परवानगी काढलीय.”

“मी? मी तिथं काय करू, भाऊजी?”

“काही नाही. बसायचं. त्याच्या जागी कुणीतरी असावं असं वाटतं.”

तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी भांडी पुसत होती, तिनं पाठ फिरवली. ती म्हणाली, “येईन.”

केबिन तिला वाटली होती त्याहून लहान निघाली. तेलाचा, तापल्या लोखंडाचा आणि जुन्या घामाचा वास. ड्रायव्हर आपल्या उंच आसनावर, पलीकडे साथीदार, आणि मागे भिंतीला लागून तिच्यासाठी एक घडीची खुर्ची.

“ताई, इथला नियम वेगळा,” साथीदार म्हणाला. “इथं डावीकडेही नाही, उजवीकडेही नाही. फक्त समोर बघायचं.”

“आणि तोंड बंद ठेवायचं,” ड्रायव्हर म्हणाला. “हे तुला अजून शिकवायचं राहिलंय.”

“उद्यापासून कोण ओरडणार, उस्ताद? मी तर पोरका होणार.”

“लग्न कर. ओरडा आयता मिळेल.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. गाडी कारखान्यांच्या मागून निघाली, वाळत घातलेले कपडे खिडकीला लागतील इतके जवळून गेले. आजवर हे सगळं तिनं बाजूनं सरकताना पाहिलं होतं. समोरून पाहिलं की सगळं अंगावर येत होतं. शेतं आली, दुभंगली, मागे गेली. रूळ दूर एका बिंदूत बुडत होते आणि तो बिंदू कधीच जवळ येत नव्हता.

टेकड्यांत धुकं लागलं. समोरची काच आतून धूसर झाली. ड्रायव्हरनं हात लांबवून कठड्यावरचं फडकं उचललं, काच पुसली, आणि पुढे बघता बघताच फडकं मांडीवर घेतलं. लांबीत एकदा दुमडलं. पुन्हा दुमडलं. मग एका टोकाकडून अंगठ्यानं दाबत वळत नेलं, आणि उरलेलं टोक पोटात खोचलं. त्याचे डोळे एकदाही खाली गेले नाहीत. हात आपले आपण काम करत होते. तळहातात मावेल एवढी वळकटी त्यानं कठड्यावर ठेवली. गाडी हेलकावली, वळकटी हलली नाही.

तिच्या कानात गाडीचा आवाज एकदम लांब गेला.

“ही कसली घडी, भाऊजी?” तिनं विचारलं. आवाज तिचाच होता, पण कुठून तरी मागून आला, रेकॉर्ड केल्यासारखा.

“ही होय?” तो खूष झाला. “ही माझ्या उस्तादांची. केबिन सारखी हलते ना, साधी घडी ठेवली की दोन वळणांत पसरते. ही नाही सुटायची. वर्षभर ठेवा, तशीच राहील.”

“मी किती खटपट केली, ताई,” साथीदार म्हणाला. “मला नाही जमत. माझी सुटते. मी आपला बोळा करतो.”

“या लाइनीवर आता मी एकटाच उरलोय ही घालणारा. उद्यापासून तेही संपलं.”

तिचा हात कोटावर गेला होता. आतली वळकटी तिच्या बरगडीला टेकत होती.

“यांना शिकवली होतीत का कधी? आमच्या घरच्यांना?”

ड्रायव्हर मोठ्यानं हसला. “त्याला? तो कसला शिकतोय! एकदा कट्ट्यावर धरून बसवला होता. दोनदा दुमडून कंटाळला. म्हणाला, हे तुझ्यासारख्या बिनबायकोच्या माणसांचे उद्योग. बोळेबहाद्दर तो! तुम्हीच म्हणायचात ना त्याला…”

हसू तसंच चालत राहिलं आणि मध्येच थांबलं. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या हाताकडे पाहिलं, कोटावर दाबलेल्या. मग पुन्हा समोर पाहिलं. त्याच्या मानेवरचा घाम तिला मागून दिसला.

कमान आली. गाडी मुकी झाली.

आता चाकांखेरीज कशाचाच आवाज नव्हता. दोन्ही बाजूंना झाडं, आणि झाडांमागे झाडं. ह्या रानाचं तिनं इतकी वर्षं कौतुक करून सांगितलं होतं. त्याला कशाचीही पडलेली नव्हती. ते कुणाकडे बघत नव्हतं.

वळण सुरू झालं तेव्हा मागच्या डब्यातून बारीक, चिरका, उत्साही आवाज आला. तिचाच. डावीकडे बघा, उजवीकडे बघण्यासारखं काही नाही.

तिनं उजवीकडे पाहिलं.

खांब लांबूनच दिसला. वळण उघडलं तसा दिसला, आणि जवळ येईपर्यंत दिसतच राहिला. मागे काळा खडक, पुढे एकटा उभा खांब, गंजलेला. त्याच्यावर चिमणी बसली असती तरी दिसली असती. कमरेच्या उंचीवर त्याचा गंज घासून गेला होता. तिथं वर्षानुवर्षं काहीतरी बांधलं आणि सोडलं गेलं होतं.

ड्रायव्हरनं टोपी काढली.

“त्या दिवशी डावीकडे काय होतं, भाऊजी?”

त्यानं नजर रुळांवरच ठेवली. खिंड जवळ येत होती.

“काहीतरी असेलच ना.”

“अस्वल,” तो म्हणाला. “पिल्लं होती बरोबर. नदीच्या काठाला.” टोपी त्याच्या मांडीवर होती आणि तो तिची कड चाचपत होता. “ऑफिसचे मोठे पाहुणे होते डब्यात. गाडी कुठं रखडवू नका म्हणून सकाळीच बजावलं होतं. आणि वहिनी, त्याची सवय तुम्हाला माहीत आहे. किती वेळा कापड तसंच सोडून गेलेला. मला वाटलं…”

खिंडीनं त्यांना गिळलं. काळोखात दोन्ही बाजूंचा खडक हातभर अंतरावरून धावत होता. खरोखर अंग चोरायलाही जागा नव्हती. तिनं डोळे मिटले नाहीत.

उजेड आला तेव्हा साथीदार एकदा ड्रायव्हरकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

“काय वाटलं, उस्ताद?” त्यानं विचारलं.

“समोर बघ,” ड्रायव्हर म्हणाला.

तिनं कोटावरचा हात खाली घेतला. विचारायचं काही उरलं नव्हतं. त्याला वाटलं, बोळेबहाद्दर कापड सोडायला विसरला असेल. म्हणून तो थांबला नाही. मग थांबला, उतरला, सगळ्यांच्या आधी मागे धावला, आणि खांबावरचं कापड सोडलं. हातांना सवय होती. हातांनी घडी घातली, आणि खांबाशी ठेवलेल्या पिशवीत टाकली. त्या पिशवीत बोळा टाकला असता तर आज काहीच कळलं नसतं.

तिनं वर्षानुवर्षं ज्या घडीवर गाल टेकला होता, ती याची होती.

शेवटचं स्टेशन म्हणजे लाकडी इमारत, एक मोठी खोली, भिंतीवर जनावरांची चित्रं. खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर फुलं होती. सुपरवायझर, स्टेशनमास्तर, गँगमन, चहावाला, काही हौशी प्रवासीसुद्धा. ड्रायव्हरला मधल्या खुर्चीत बसवलं. तो बसवला तसा बसला. येताना केबिनमधून त्यानं आपलं फडकं आणलं होतं. त्या फडक्यानं कपाळ पुसलं, मान पुसली, आणि हात पुन्हा कामाला लागले. दुमडलं, दुमडलं, वळलं, टोक खोचलं. वळकटी टेबलावर, फुलांशेजारी. आपण काय केलं हे त्याला ठेवल्यावर कळलं. त्यानं ती उचलायला हात पुढं केला आणि मागे घेतला.

स्टेशनमास्तर बोलायला उठले. आवाज खणखणीत.

“इतकी वर्षं या माणसानं डोळ्यांत तेल घालून गाडी हाकली. यांच्या हातून कधी कुणाला ओरखडा उठला नाही. एका गँगमनच्या निष्काळजीपणामुळे घडलेली ती एक दुर्दैवी घटना सोडली, तर यांची कारकीर्द धुतल्या तांदळासारखी. आणि त्या घटनेनंतरही यांनी त्या कुटुंबाला अंतर दिलं नाही. आपल्या डावीकडेबाई इथं साक्षीला आहेत.”

टाळ्या पडल्या. काहींनी मागे वळून तिच्याकडे मायेनं पाहिलं.

“बाई, या, दोन शब्द बोला,” सुपरवायझर म्हणाला. “आज रेकॉर्ड नको, खरा आवाज हवा!”

लोक हसले. चहावाला ओरडला, “डावीकडून या हो!”

ती मागच्या भिंतीपासून निघाली. खुर्च्यांमधून वाट देताना माणसं गुडघे आखडून घेत होती. टेबलाशी आली. कुणीतरी तिच्या हातात माईक दिला. ड्रायव्हर तिच्याकडे बघत नव्हता. तो टेबलावरच्या वळकटीकडे बघत होता.

तिनं माईक तोंडाशी नेला. खोली शांत झाली. बाहेर रानातही काही हललं नाही. तिच्या मनात नवऱ्याचं सकाळचं वाक्य आलं, परत खांबालाच बांधायचंय ना. बांधलं होतं त्यानं. बायकोचं ऐकलं नव्हतं, घडी घातली नव्हती. नेहमीसारखा बोळा काढला होता पिशवीतून, आणि बांधला होता. चौकशीत तिनं तिघांसमोर सांगितलेला तो शब्द अजून कुठल्या तरी कपाटात होता.

“बोला ना, ताई,” साथीदार हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

तिनं माईक खाली ठेवला. कोटाच्या आत हात घातला. लाल वळकटी बाहेर काढली आणि ड्रायव्हरच्या फडक्याशेजारी ठेवली. दोन्ही सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या, दोन्हींचं टोक एकाच बाजूनं पोटात खोचलेलं. फक्त एकीचा रंग विटला होता.

ड्रायव्हरच्या ओठांची हालचाल झाली. “वहिनी,” एवढंच, त्या दिवशी दारात म्हणाला होता तसं.

“भरून आलं बिचारीला,” मागून कुणी बाई म्हणाली. स्टेशनमास्तरांनी टाळ्या सुरू केल्या. गँगमन मात्र टाळ्या वाजवत नव्हते. पुढच्या रांगेतला एक म्हातारा गँगमन उठला होता आणि टेबलाकडे वाकून बघत होता.

ती खुर्च्यांमधून परत निघाली. माणसांनी पुन्हा गुडघे आखडले. चहावाल्यानं तिच्यासाठी भरलेला कप पुढं केला, तो तिनं घेतला नाही. दारापाशी आली, दार लोटलं, ते तसंच उघडं टाकलं आणि निघून गेली.